पंपावरचं ओलं फडकं

बाबा गेले ते गाडीत. मे महिन्यातली दुपार, बार्शीटाकळीकडून अकोल्याला येणारा रस्ता, मागची सीट, मायच्या मांडीवर डोकं. गाडी तेव्हा चालू नव्हती. बोनेट उघडं टाकून कडुनिंबाखाली उभी होती आणि माझा मोठा भाऊ इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून तो निवायची वाट पाहत होता.

हे मी एवढं सरळ लिहितो याचं कोणाला नवल वाटलं तर वाटू द्या. मला त्या दिवशीही काही वाटलं नव्हतं. मी अमरावतीत नोकरीला होतो. ऑफिसात फोन आला, वहिनी बोलली, मी ‘बरं’ म्हणालो आणि ठेवून दिला. समोरच्या फायलीची दोरी बांधली, रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचला आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. मी म्हणालो, सही तेवढी करा, चारची बस आहे. पुढे वर्षभर मी असाच होतो. लोक म्हणायचे, किती धीराचा माणूस. धीर कसला डोंबलाचा. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसा मी सगळाच झालो होतो.

गाडी बाबांची. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी अकोल्यातल्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली. पांढरी, गोल बोनेटची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मास्तरानं मोटार घेतली म्हणून गाव आधी हसलं आणि मग गावातल्या निम्म्या बाळंतिणी तिच्यातूनच दवाखान्यात गेल्या. आमच्या घरात वाटणी अशी होती, की शेती दादानं पाहायची, नोकरी मी करायची आणि गाडी बाबांनी सांभाळायची. बाबांचे गुडघे गेले तशी गाडीही दादाकडे आली. त्याला ती आवडायची असं नाही, पण बाबांची म्हणून तो रोज पुसायचा.

त्या वर्षी होळीनंतर तिच्यात बिघाड सुरू झाला. गावात कितीही फिरवा, काही नाही. मोठ्या रस्त्याला लागून पंधरा-वीस मिनिटं दामटली, की दम तोडायला लागायची. पाय दाबावा तर वेग वाढायच्या ऐवजी उतरायचा. दोन झटके, तीन झटके, मग बंद. दहा मिनिटं थांबलं की जसं काही झालंच नाही अशी सुरू.

आता आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात काहीही बिघडलं तरी कारण एकच असतं, ऊन. पंखा फिरत नाही, ऊन. म्हैस दूध देत नाही, ऊन. सासू सुनेशी धड बोलत नाही, तरी ऊन. बरं, दहातल्या आठ वेळा ते खरंही असतं, म्हणून तर पंचाईत. गाडी बंद पडली की पंप तापला, आतल्या पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओलं फडकं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा, हे अकोल्याच्या कोणत्याही चौकात कोणीही सांगेल. दादाला हे मीच शिकवलं होतं. मी आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरकडून शिकलो होतो. फडकं ठेवलं की दहा मिनिटांत गाडी सुरू व्हायची आणि हे एकदाही चुकलं नाही. दर वेळी लागू पडणाऱ्या औषधावर कोण कशाला शंका घेईल? आम्हीही घेतली नाही.

त्या दुपारी काय झालं ते मला मायकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बाबांच्या छातीत कळ आली. दादानं गाडी काढली. रस्त्यात एकदा बंद पडली, त्यानं फडकं भिजवून ठेवलं, निघाली. पुन्हा बंद पडली. बाबा तेव्हा बोलत होते, पाणी मागत होते. दादानं पुन्हा फडकं ठेवलं आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिला. तेवढ्यात अकोल्याच्या बाजूला जाणारी एक जीप आली. दादानं तिला हात केला नाही. दहा मिनिटांत आपलीच सुरू होते, मग आजारी माणसाला उचलून दुसऱ्या गाडीत कशाला कोंबायचं, असं त्याला वाटलं. जीप निघून गेली. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. बाबा त्याच्या आधीच गेले होते.

माय त्याला काही बोलली नाही. तेरवीच्या दिवशी कोणीतरी पाहुणा मात्र बोलून गेला, की जीपले हात तरी दाखवाचा होता. दादा तिथंच उभा होता. त्यानं मान हलवली आणि त्या दिवसापासून तो गप्प झाला.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. कापसाचं काय झालं ते मी सांगायला नको. पेपरच्या आतल्या पानावर रोज कुठलं ना कुठलं गाव असायचं आणि आपलं गाव नाही ना, एवढं पाहून लोक पान उलटायचे. त्यामुळे गावोगावच्या बाया एक गोष्ट शिकल्या होत्या. घरातला शेतकरी माणूस बोलेनासा झाला, की फवारणीचं औषध आधी कुलपात टाकायचं. दादाचं शेत बरं होतं, ओलिताचं होतं, म्हणून गाव त्याच्याबद्दल निर्धास्त होतं. वहिनी नव्हती. तिनं सगळ्या बाटल्या आपल्या लोखंडी पेटीत टाकल्या आणि चावी मंगळसूत्रात अडकवली.

ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा तिनं मला गोठ्यामागे बोलावून घेतलं.

“भाऊजी, हे रोज तठी जाऊन बसतात. त्या निंबाखाली. दुपारभर.”

“मग बसू द्या.”

“काल त्याइनं पेटीची चावी मागतली. काहून पाह्यजे, म्हटलं, त म्हणे, असंच.”

ती रडत वगैरे नव्हती. हे सांगून ती शेण उचलायला वाकली.

मी दादाशी बोलून पाहिलं. तो खाटेवर बसला होता, मी शेजारी बसलो. त्यानं एकच विचारलं, “पंप तापला होता ना रे?” मी म्हणालो, तापलाच होता, सेहेचाळीस डिग्री ऊन होतं. तो म्हणाला, “हं.” आणि पुन्हा जमिनीकडे पाहायला लागला. उन्हाला शिव्या देता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. दादाला शिव्या द्यायला कोणीतरी पाहिजे होतं. एखादा पार्ट, एखादा मिस्त्री, कोणीही चाललं असतं. कोणी नव्हतं म्हणून तो त्या आतल्या आत स्वतःलाच देत होता, आणि असं फार दिवस चालणार नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, की बिघाड शोधायचा. दुसरं काही मला येतही नव्हतं. समजूत घालायला तोंडात शब्द लागतात, आणि माझं तोंड तेव्हा लाकडाचं होतं. आधी अकोल्यातल्या एका गॅरेजवाल्यानं कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळं नवं टाकून दिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, आता लंडनला घेऊन जा. गाडी बार्शीटाकळीच्या अलीकडेच बंद पडली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तो तरी काय करणार? मीच त्याला गरम होऊन बंद पडते म्हणून सांगितलं होतं.

नोव्हेंबरात, दिवाळीची रजा संपली तेव्हा, मी गाडीच अमरावतीला न्यायचं ठरवलं. पहाटे निघालो. दादा ओसरीवर बसून पाहत होता, कुठे चाललास म्हणूनही विचारलं नाही. थंडी चांगली पडली होती, काचेवर दव होतं. अकोला सोडून बोरगाव मंजूच्या जवळपास आलो आणि गाडीनं दम तोडला. मी सवयीनं डिकीतलं फडकं काढलं, पाण्याची बाटली काढली, बोनेट उघडलं आणि पंपाला हात लावला.

पंप गार होता. म्हणजे कोमट म्हणावा इतपत. त्यावर हात ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग फडकं तसंच कोरडं डिकीत टाकलं आणि गाडीत येऊन बसलो. काही केलं नाही. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. फडक्यानं कधी काही केलंच नव्हतं. जे काही करत होती ती दहा मिनिटं करत होती.

मला राग आला पाहिजे होता, रडू आलं पाहिजे होतं. काही आलं नाही. अमरावतीपर्यंत ती आणखी चार वेळा बंद पडली. मूर्तिजापूरला, कुरूमजवळ, बडनेऱ्याच्या आधी दोनदा. दर वेळी मी आत बसून राहिलो. एका ट्रकवाल्यानं थांबून सांगितलं, भाऊ, पंपावर पाणी मारा. मी म्हणालो, हो मारतो.

अमरावतीत एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. जुन्या गाड्यांचं काम करणारे तेवढेच उरले होते. बाकीच्यांना जुनी गाडी दिसली की ते म्हणायचे, विकून टाका. चाचांनी बोनेट उघडलंच नाही. स्टूल घेतलं, मलाही दिलं आणि विचारलं, “बंद कशी पडते?”

“म्हणजे?”

“बटन दाबलं की लाइट जाते, तशी? का तेल सरलं की कंदील जाते, तशी?”

मी विचार केला. “कंदिलासारखी.”

“मंग करंट पाहूच नोका. करंट गेला की गाडी एका झटक्यात मरते. हे भुकेनं मरून राहिली. पेट्रोल पोचत नाही तिले.” मग म्हणाले, “गावात फिरते ना बराबर?”

“फिरते.”

“हळू चालते तवा थोडं लागते, तेवढं भेटते. पळवली की जास्त लागते, तेवढं भेटत नाही. कुठंतरी रस्ता अडला हाय. कुठं, ते पाहू.”

आठ महिन्यांत कोणी आम्हाला हा प्रश्न विचारला नव्हता आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता. ऊन म्हटल्यावर पुढे विचारायचं काय? मी चाचांना बाबांबद्दल काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, तेही तपशील सांगावा तसं. ते म्हणाले, “घाई नोका करू. याच्यात एकेक गोष्ट बाद करत जाव लागते. दोन गोष्टी संगं बदलल्या की कोन गुन्हेगार ते कधीच समजत नाही.”

मी रोज ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. बायको म्हणायची, घरी तरी या आधी. मी जायचो नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कार्ब्युरेटर खोलला. आत थोडा गाळ होता, जेट साफ केले. गाडी रस्त्यावर नेली, वलगावच्या पुढे बंद पडली. दुसऱ्या दिवशी पंप खोलला. आतला पडदा त्यांनी उजेडाकडे धरला, ओढून पाहिला, बोटानं चाचपला. म्हणाले, “पंप एकदम चांगला हाय. बिचाऱ्याले उगाच बदनाम केलं सगळ्याइनं.” तरी त्यांनी पडदा नवा टाकला, शंका नको म्हणून. गाडी पुन्हा तिथेच, वलगावच्या पुढे.

मग त्यांनी जे केलं ते पाहून बायको म्हणाली असती, दोघांनाही वेड लागलंय. पाच लिटरची कॅन भरून टपावर बांधली, तिला सलाइनची नळी लावली आणि ती नळी बोनेटमधून थेट कार्ब्युरेटरला जोडली. टाकीही बाद, पंपही बाद. आता इंजिनाला वरून पेट्रोल, दवाखान्यातल्या पेशंटसारखं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं तसेच निघालो. बडनेरा गेलं. चाचा एका हातानं नळी धरून बसले होते, म्हणाले, “दाबा.” मी दाबली. कुरूम गेलं. मूर्तिजापूर आलं, तरी गाडीनं एक हुंदका दिला नाही. गाडी इतकी छान पळत होती की मला तिचा संताप आला. आता पळते. आता काय उपयोग.

चाचा म्हणाले, “इंजिन निर्दोष. आता टाकी.”

मंगळवारी त्यांनी टाकी उतरवली. पेट्रोल काढून घेतलं आणि टाकी अंगणात आडवी ठेवली. सायकलच्या तारेचं टोक वाकवून आकडा केला आणि भोकातून आत घालून ते हळूहळू चाचपायला लागले, विहिरीत पडलेली बादली शोधतात तसं. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. आकडा कशाला तरी अडकला. चाचांनी ओढलं. आधी एक टोक आलं, मग सगळं. कापडाचा तुकडा. पेट्रोलनं रंग उडालेला, बुळबुळीत.

“घ्या,” चाचा म्हणाले. “हे आत तरंगत होतं. गाडी पळवली की खेचून जाऊन नळीच्या तोंडावर चिकटाचं. पेट्रोल बंद. गाडी थांबली की खेच संपली, हे सुटून जाचं. म्हनून दहा मिनिटानं चालू. गाळाले घेतलं असंन कोनी, हातातून आत गेलं.”

आमच्याकडे पेट्रोल गाळूनच टाकायचे. बाबांचीच शिस्त ती. टाकीत थेट ओतणाऱ्या माणसाला ते अडाणी म्हणायचे. दादाही तसंच करायचा. शेतातल्या कोठ्यात फवारणीच्या पंपासाठी पेट्रोलची कॅन असायची, गाडीत कमी वाटलं की त्यातूनच टाकायचा, नरसाळ्यात कापड धरून. कोठ्यात कापूस भरलेला असायचा, सगळीकडे त्याचे पुंजके उडायचे, म्हणून तर आणखीच जपून.

मी तो तुकडा हातात घेऊन उलगडला. कडेला रंग थोडा शिल्लक होता. हिरव्यावर पिवळे ठिपके. वहिनीची साडी. ती साडी तिनं किती वर्षं नेसली होती, मग फाडून तिचे तुकडे केले होते. त्यातला एक कोठ्यात, कॅनच्या वरच्या खिळ्याला लटकलेला असायचा. त्या खिळ्याला हात लावणारा माणूस एकच होता.

“तुमच्या घरचं हाय का?” चाचांनी विचारलं.

“माझंच आहे,” मी म्हणालो. “होळीला गावी गेलो तेव्हा मी पेट्रोल टाकलं होतं.”

हे मी का बोललो, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. विचार नंतर केला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, त्या साडीच्या तुकड्याकडे पाहिलं आणि हात पुसले. मग त्यांनी काडेपेटी माझ्यापुढे सरकवली आणि टाकी उचलून लांब नेऊन ठेवली. मी तो तुकडा अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन पेटवला. भडकन पेटला आणि दोन मिनिटांत संपला.

पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन गावी निघालो. शंभराच्या वर किलोमीटर. पूर्ण रस्ता मी पाय दाबून ठेवला होता. एकदा तरी बंद पडावी, काहीतरी वेगळंच निघावं, चाचांचं चुकलेलं असावं, असं मला वाटत होतं. नाही पडली. अकोल्यावरून बार्शीटाकळीच्या रस्त्याला लागलो आणि त्या निंबापाशी दादा बसलेला दिसला. सकाळचे अकरा वाजले असतील. मी गाडी थांबवली. त्याला म्हणालो, बस. तो मुकाट्यानं येऊन बसला. घरी नेलं, ओसरीवर बसवलं, पाणी प्यालो आणि सांगितलं.

“बिघाड सापडला. टाकीत फडकं होतं.”

त्यानं मान वर केली.

“ऊन नव्हतं. पंपही नव्हता. फडकं नळीवर बसायचं.”

“टाकीत फडकं कसं जाईन?”

“होळीला आलो होतो ना मी. मी टाकलं होतं पेट्रोल. गाळताना हातातून आत गेलं. मले वाटलं, वाऱ्यानं उडालं.”

“कोणतं फडकं?” तो म्हणाला.

“गाडी पुसायचं. पिवळं.”

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मी नजर हलवली नाही, कारण हलवली असती तर त्याला कळलं असतं. लहानपणी मी खोटं बोललो की त्याला नेहमी कळायचं. मग तो उठला. इतके महिने तो हळूहळू उठायचा, गुडघ्यावर हात टेकून. त्या दिवशी झटकन उठला आणि माझ्या कानाखाली मारली. चष्मा उडून अंगणात पडला. दुसरी मारली. माझी कॉलर धरून त्यानं मला भिंतीला लावलं आणि ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, पण त्या त्याच्या पोटातून येत होत्या. “बापाले खाल्लं तुनं! आन् सहा महिने मी... मी...” पुढे त्याला बोलता आलं नाही. तो ओरडत होता. वहिनी धावत आली आणि मधेच थांबली. तिनं त्याला अडवलं नाही. माय दारात आली.

“यानं मारलं बाबाले,” दादा तिला म्हणाला. “यानं. टाकीत फडकं टाकलं यानं.”

माय माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं ती काही विचारेल. ती चौकट धरून खाली बसली आणि एवढंच म्हणाली, “पाहून टाकता येत नव्हतं का रे तुले?”

मी म्हणालो, “नाही पाहिलं.”

हे मला लागलं. त्या सगळ्या वर्षात दुसरं काही लागलं नाही, पण हे लागलं. अजून लागतं. मी अंगणातून चष्मा उचलला, एक काच फुटली होती. गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली आणि बसस्टँडवर चालत गेलो. बसमध्ये मी त्या फुटक्या काचेबद्दल विचार करत होतो, की आता सोमवारी ऑफिसात कसं दिसायचं. याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मी खरंच तेवढाच विचार करत होतो.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. दादानं शेतात माणसं लावली होती, कापूस वेचायला काढला होता, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं सांगत होता. “लय बोलून राहिले तुमच्याबद्दल,” ती म्हणाली. “काहीबाही बोलतात.” मी म्हटलं, बोलू द्या. मग म्हणाली, “भाऊजी, ते पिवळं फडकं तं डिकीतच हाय.” मी म्हणालो, दुसरं असेल. ती म्हणाली, “असंन,” आणि फोन ठेवला.

नातेवाइकांत माझं नाव झालं ते झालंच. कोणाच्या लग्नात गेलो की बायका आपसात बोलायच्या. बायको चिडायची, म्हणायची, खरं काय ते सांगा ना एकदा, होळीला मीही होते तिथं, तुम्ही गाडीला हात तरी लावला होता का. तिला मी एकदाच दम भरला, की हे पुन्हा बोलायचं नाही. मला तसा कोणाचा राग आला नाही. काही मोठेपणा केला असंही वाटलं नाही. थकलो होतो, आणि एक काम होतं, ते झालं.

दादा मात्र माझ्याशी पुन्हा बोलला नाही. अगदी सरळ बोलला नाही. काही सांगायचंच असेल तर तो दुसऱ्याला सांगायचा, मी हातभर अंतरावर असलो तरी. “त्याले म्हणा, सातबाऱ्यावर सही पाह्यजे.” मग वहिनी माझ्याकडे वळून म्हणायची, भाऊजी, सातबाऱ्यावर सही पाह्यजे म्हणतात. मी सही करायचो. अशी पंधरा वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले, त्याला नातवंडं झाली, एकदा तो सरपंचाच्या निवडणुकीलाही उभा राहिला आणि पडला. या सगळ्या बातम्या मला वहिनीकडून कळायच्या.

माय गेली ती घरीच, दुपारी झोपेत. शेवटपर्यंत ती दादाकडे होती. मी भेटायला गेलो की चहा करायची, तब्येत विचारायची, पण माझ्याजवळ बसायची नाही. तिला खरं सांगावं असं शेवटच्या वर्षी फार वाटायचं. सांगितलं असतं तर तिनं ते दादापासून लपवलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. मायनं मला तसंच समजून डोळे मिटले.

तिच्या तेरवीला अंगणात पंगत बसली. मी जेवायला थांबणार नव्हतो, पायात चपला घालत होतो. दादा वरणाची बादली घेऊन उभा होता. माझ्याकडे न पाहता तो वहिनीला म्हणाला, “त्याले म्हण, जेवून जाय.”

वहिनी वळली. मी म्हणालो, ऐकलं मी.

मी पंगतीच्या शेवटी जाऊन बसलो. दादा वाढत येत होता. घ्या, घ्या, लाजू नोका, असं प्रत्येकाला म्हणत, खणखणीत आवाजात. माझ्या पानापाशी आला तेव्हा आवाज बंद झाला. त्यानं पळी भरून वरण वाढलं. मी काही बोललो नाही, म्हणून त्यानं आणखी एक पळी वाढली. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. काळा, रापलेला, नखात माती असलेला, म्हातारा होत चाललेला हात. इतक्या जवळून तो मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. वरण पानाच्या बाहेर वाहायला लागलं होतं.

“बस,” मी म्हणालो.

तो पुढच्या पानाकडे गेला.